डोस चुकला की चुकवलास?

गेल्या आठवड्यात मावशीच्या नव्या घराची वास्तुशांत होती, उचगावच्या पुढं. पंगत बसायच्या आधी मी आतल्या खोलीत जाऊन इन्सुलिनचं पेन काढलं, सुई लावली, आठ युनिट घेतले आणि येऊन ताटावर बसले. शेजारी बसलेल्या काकींनी ते बघितलं असावं, कारण वरण वाढून व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "इन्सुलिननं माणूस फुगतंय बघ. आमच्या गल्लीतली एक पोरगी हाय, लहानपणापासनं सुया घेती, लई जाड झालेली. आता तिनं दोन टायमाचं बंदच केलंय, कशी सडपातळ झालीया." आणि हे सगळं कौतुकानं, तिनं काहीतरी चांगलं करून दाखवलंय असं. माझा हातातला घास हातातच राहिला. काकींना मी तिथंच सांगितलं की हे लई वाईट आहे, तिला आजच्या आज कुणीतरी डॉक्टरकडं न्या, पण त्यांना वाटलं मी जळतीय. शेवटी निघताना त्यांच्याकडून त्या मुलीचा नंबर घेतला. रविवारी फोन केला, मी कोण, मलाही टाईप वन मधुमेह आहे, १६ वर्षं झाली, मीही मधे डोस चुकवलेत वगैरे सांगितलं, ती नुसती हं हं करत होती, आणि मग एकदम म्हणाली, "ताई, तुम्ही परत पूर्ण डोस घ्यायला लागल्यावर वजन वाढलं का तुमचं?"

मी म्हटलं, हो वाढलं. खोटं कशाला बोलायचं. पण त्या 'हो'च्या मागं एवढं काय काय आहे की चार मिनिटांच्या फोनवर ते मावलंच नाही, म्हणून इथं लिहितीय, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या अजून असतील त्यांच्यासाठी.

मला २००९ च्या मे महिन्यात कळलं. एकोणीस वर्षांची होते, बी.कॉम.चं दुसरं वर्ष संपलेलं. उन्हाळा होता त्यामुळं तहान लागतीय याचं कुणाला काही वाटलं नाही, आणि मी तहान भागवायला काय करत होते तर बिंदू चौकात उभं राहून उसाचा रस पीत होते, दिवसाला तीन-तीन ग्लास. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायचे. वजन ५१ वरनं ४० वर आलं दोन महिन्यांत. आमच्या कोल्हापुरात वाळलेलं माणूस कुणालाच बघवत नाही, आजोबा तालमीतले, बाबा लहानपणी आखाड्यात लोळलेले, घरात अंगानं भरलेला माणूस म्हणजे सुखी माणूस असा हिशेब. त्यामुळं "लईच वाळलीयास की गं, खाती का नाही?" हे रोजचं झालं. आणि मी तर खात होते! दोन भाकरीच्या जागी चार. खाल्लेलं जात होतं कुठं हे कुणालाच कळत नव्हतं.

ते लघवीतनं जात होतं. हे मला नंतर डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनीला ती धरून ठेवता येत नाही, ती लघवीत सोडून देते, आणि साखरेबरोबर पाणी ओढलं जातं म्हणून ती तहान. समजा दिवसाला शंभर ग्रॅम साखर अशी गेली तर चारशे कॅलरी गेल्या, म्हणजे चार चपात्या खाऊन चारही फेकून दिल्यासारखं झालं. शिवाय इन्सुलिन नसेल तर पेशींपर्यंत साखर पोचतच नाही, मग शरीर स्वतःची चरबी जाळतं, स्नायू तोडतं. टाईप वनमध्ये शरीराचीच संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, गोड खाऊन होणारा हा आजार नव्हे. उसाच्या रसानं मला शुगर झाली असं अजूनही आमच्या नात्यात काही लोक म्हणतात, ते चूक आहे.

इन्सुलिन सुरू झालं आणि दोन महिन्यांत मी परत ५० किलो. आई तर रडली आनंदानं. बाबा मला गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन गेले, रात्री नऊ-साडेनऊला, समोर म्हशीची धार काढून फेसाळता ग्लास हातात दिला आणि म्हणाले, "पी. आता अंगाला लागंल." खरंच लागलं. ते वजन माझंच होतं, रोगानं नेलेलं परत आलं एवढंच, आणि वाढलेल्या वजनाचा हा पहिला भाग त्या मुलीनं आधी समजून घ्यावा असं मला फार वाटतं. इन्सुलिन यायच्या आधी या आजारावर एकच उपाय होता, उपाशी ठेवणं. एलिझाबेथ ह्यूज नावाची अमेरिकन मुलगी, तिचे वडील तिकडचे परराष्ट्रमंत्री, तीन वर्षं अशी उपाशी राहून जगली आणि ऑगस्ट १९२२ मध्ये टोरांटोला इन्सुलिन शोधणाऱ्या डॉक्टर बँटिंगकडं आली तेव्हा पंधराव्या वर्षी तिचं वजन जेमतेम २० किलो होतं. त्याच वर्षी जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं होतं. एलिझाबेथ इंजेक्शनं सुरू झाल्यावर भरून आली आणि १९८१ पर्यंत जगली, ७३ वर्षांची होऊन गेली. तिच्या अंगावर चढलेला एकेक किलो म्हणजे ती जगतीय याची खूण होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते दूध कट्ट्यावरचे बाबा आठवले.

पण वजन ५० वर थांबलं नाही हेही खरं. पहिली तीन वर्षं मला सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन होतं, ३०/७० वालं, म्हणजे ३० टक्के लवकर चालणारं आणि ७० टक्के हळू चालणारं. त्याचं असं की एकदा टोचलं की ते आपल्या टायमाला जोर धरणारच, तुम्हाला भूक असो नसो, म्हणून अकरा वाजता काहीतरी, चार वाजता काहीतरी, झोपताना दूध असं खावंच लागायचं. कॉलेजात लेक्चर चालू असताना बाकाखाली बिस्किट खाल्लेली मी एकटीच असेन. २०१२ ला डॉक्टर बदलले, त्यांनी दिवसाला चार सुया केल्या, एक लांब चालणारं रात्री आणि तीन जेवणाआधी. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची जी टेस्ट असते (एचबीएवनसी, टक्क्यांत येते) ती साडेनऊवरनं सव्वासातवर आली. सगळे खूश. आणि वजन ५८, मग ६१, मग ६४.

हे फक्त माझंच झालं असं नाही. अमेरिकेत आणि कॅनडात १९८३ ते १९९३ एक फार मोठा अभ्यास झाला, डीसीसीटी म्हणतात त्याला, टाईप वनचे १४४१ लोक होते. अर्ध्यांना काटेकोर उपचार, अर्ध्यांना तेव्हाचे साधे. काटेकोर वाल्यांमध्ये, ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते त्यांना पडद्याचा त्रास व्हायचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला, किडनी आणि नसांनाही मोठा फायदा. आज आपण सगळे जे चार-चार सुया घेतो ते त्या अभ्यासामुळं. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की काटेकोर गटाचं वजन पाच वर्षांत दुसऱ्या गटापेक्षा सरासरी साडेचार किलोच्या आसपास जास्त वाढलं, आणि बेशुद्ध पडण्याइतक्या किंवा दुसऱ्याची मदत लागण्याइतक्या लो शुगर, म्हणजे साखर एकदम खाली जाण्याच्या वेळा, जवळपास तिप्पट झाल्या. १९९३ पासून हे छापलेलं आहे आणि मला २०१२ ला चार सुया सुरू करताना कुणी एका वाक्यानं सांगितलं नाही की बाई, वजन थोडं वाढेल, घाबरू नकोस, आपण बघू. सांगितलं असतं तर पुढचं झालं नसतं असं मला आजही वाटतं.

पुढचं म्हणजे २०१४. स्थळं बघणं चालू होतं. आधीच टाईप वन म्हटल्यावर निम्मे लोक फोनवरच थांबायचे, उरलेले घरी येऊन आईला हळूच विचारायचे, वजन औषधामुळं आहे का. जी आई मी वाळले म्हणून रडायची तीच आता माझ्या ताटातली भाकरी अर्धी करून वाढायला लागली, आणि मी इन्सुलिन तेवढंच घेत होते त्यामुळं दुपारी लो व्हायचे, मग लपून खायचे. कुठंतरी वाचलं होतं का आपोआप कळलं आठवत नाही, पण एक दिवस संध्याकाळचा डोस राहिला, दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर पाऊण किलो कमी. मग मी तो डोस रोज ठेवायला लागले. पेन हातात घ्यायचं, आतल्या खोलीत जायचं, दार लावायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि बाहेर यायचं. घरच्यांना वाटायचं घेतलं. वहीत खोटी रीडिंग लिहायचे, १३२, १४८, अशी विश्वास बसेल अशी. पाच आठवड्यांत पाच किलो उतरले. मावशी म्हणाली काय चेहरा उजळलाय. केस गळत होते, पोटऱ्यांत रात्री गोळे यायचे, जिना चढताना धाप लागायची, आणि तरी काट्यावर उभं राहिलं की मला बरं वाटायचं.

डिसेंबरात एका सकाळी उलट्या सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, शुगर बघितली नाही, मीही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत श्वास असा ओढून ओढून, आईला माझ्या तोंडाला सडलेल्या फळासारखा वास आला. आयसीयू. शुगर ५०० च्या वर, लघवीत केटोन, रक्त आम्लधर्मी झालेलं. इन्सुलिन नसलं की चरबी भराभरा जळते, त्यातून केटोन तयार होतात आणि रक्त आंबट होत जातं, वेळेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस जातं. माझं उतरलेलं वजन म्हणजे गेलेलं पाणी, तुटलेले स्नायू आणि हे विष तयार करत जळलेली चरबी.

दुसऱ्या रात्री एक सिस्टर सलाईन बदलायला आल्या, पन्नाशीच्या असतील. पायाशी बसल्या. बाकी कुणी नव्हतं. अगदी हळू म्हणाल्या, "बाळा, डोस चुकला की चुकवलास?"

रागावल्या नाहीत, फाईलमध्ये काही लिहिलं नाही, नुसत्या थांबल्या. मी पाच वर्षांत पहिल्यांदा कुणापुढं खरं बोलले. त्या म्हणाल्या अशा मुली येतात, कळत नाही कुणाला, सकाळी डॉक्टरांना मी सांगू का तू सांगतीस? मीच सांगितलं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. पूर्ण डोस सुरू झाल्यावर आठ दिवसांत माझं वजन साडेपाच किलो वाढलं. पाय सुजले, रोजची चप्पल पायात जाईना, पट्टा रुतून वळ उठायचे. मी पार खचले, मला वाटलं बघा, आठवड्यातच सगळं परत आलं. पण ती चरबी नव्हतीच, आठ दिवसांत एवढी चरबी येतच नाही. बरेच दिवस इन्सुलिन न घेता अचानक सुरू केलं की किडनी मीठ-पाणी धरून ठेवते, सूज येते, आणि बहुतेकांची ती थोड्या दिवसांत आपोआप उतरते. माझी अडीच आठवड्यांत उतरली. हा काळ फार वाईट असतो, याच काळात पोरी परत डोस सोडतात, म्हणून हे ठळक सांगतीय. सूज आली तर डॉक्टरांना दाखवा, पण इन्सुलिन सोडू नका.

मग उरलेलं वजन. डॉक्टरांनी वही मागितली, यावेळी खरी लिहिलेली. त्यांनी माझ्या जेवणाबद्दल एक शब्द काढला नाही, नुसत्या लो शुगरवर लाल गोल करत गेले. आठवड्याला चार-पाच, त्यातल्या तीन रात्रीच्या. म्हणाले, लो झाल्यावर काय काय खातेस ते सगळं सांग. आणि मी सांगायला लागले तसं मलाच दिसायला लागलं. रात्री अडीचला जाग येते ती घामानं, गाऊन पाठीला चिकटलेला, ओठांना मुंग्या, हात असा थरथरतोय की पट्टी मशिनमध्ये जात नाही, आणि जी भूक लागते ती पोटाची भूक नसतेच, अख्खं अंग ओरडत असतं. फ्रिजचं दार उघडं ठेवून उभ्यानं खायचे. साखर, मग पेढे, मग बिस्किटाचा अर्धा पुडा, मग आई उठायची आणि दूध-साखर द्यायची, वर शेंगदाण्याचा लाडू. बरं वाटेपर्यंत खायचं हाच नियम होता आमच्या घरी, आणि बरं वाटायला पंधरा-वीस मिनिटं लागतातच, तेवढ्यात पाचशे-सहाशे कॅलरी आत. लागत होती किती? १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-साडेतीन चमचे पाण्यात, ६० कॅलरी. वर सकाळी शुगर ३०० म्हणून जास्त युनिट घ्यायचे, की दुपारी परत लो. जास्तीचं इन्सुलिन, त्याला पुरवायला जास्तीचं खाणं, त्याला उतरवायला परत जास्तीचं इन्सुलिन, असं ते गोल फिरत होतं आणि वजन वाढत होतं.

रात्रीचं इन्सुलिन त्यांनी २४ वरनं हळूहळू १९ वर आणलं. मी दोन वर्षं ज्या डोसला दोष देत होते तो खरंच जास्त होता, पण कमी करायचा होता तो रात्रीचा, मोजून, डॉक्टरांबरोबर, आणि मी बंद करून बसले होते संध्याकाळचा. अजून एक निघालं. बेंबीच्या डाव्या बाजूला मला दुखायचं नाही म्हणून मी कायम तिथंच टोचायचे, तिथं लिंबाएवढी मऊ गाठ झालेली. त्या गाठीतनं इन्सुलिन कधी मुरतं कधी मुरत नाही, त्यामुळं एक दिवस शुगर वर, एक दिवस खाली. जागा बदलली तशी डोस अजून थोडा कमी करावा लागला, कारण आता घेतलेलं सगळं लागू पडायला लागलं. ही गाठ ज्यांना आहे त्यांनी जागा बदलताना डॉक्टरांना आधी सांगा, एकदम लो जाऊ शकते.

जेवणाचं म्हणाल तर मी कोल्हापूर सोडलेलं नाही. मिसळ खाते, फक्त ब्रेडच्या दोन स्लाइस म्हणजे साधारण तीस ग्रॅम कार्ब (खाण्यातला जो भाग रक्तात साखर होतो तो) आणि फरसाण-मटकीचे वेगळे असा हिशेब करून. पांढरा रस्सा मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यात कार्ब फार नाहीत, त्यामुळं शुगर जेवणानंतर छान दिसते आणि आपल्याला वाटतं किती वाट्या प्यायल्या तरी चालतंय, पण त्यात खोबरं, काजू, वर मटणाची चरबी, ते अंगाला लागतंच, आणि शुगर चार-पाच तासांनी मागाहून चढते ती वेगळी. शुगर बरोबर आहे म्हणजे खाणं बरोबर आहे असं नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली. रंकाळ्यावर चालायला जाते ती सकाळी, काही खायच्या आणि जेवणाच्या इन्सुलिनच्या आधी. संध्याकाळी डोस घेऊन चालायला गेले की हमखास लो व्हायची आणि चालून जळलं त्यापेक्षा जास्त खाऊन यायचे.

वजन ६६ पर्यंत गेलं होतं, वर्षभरात ६१ वर आलं आणि गेली कित्येक वर्षं ६० ते ६२ मध्ये आहे. उंचीच्या मानानं वजन मोजायचा जो आकडा असतो, बीएमआय, त्याच्या आपल्याकडच्या २३ च्या रेघेच्या किंचित वर. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, डोळे, किडनी चांगली आहे, मीही म्हणते ठीक आहे. ५१ परत आलं नाही, ते एकोणीस वर्षांच्या मुलीचं वजन होतं.

ती मुलगी फोन ठेवता ठेवता वजन कमी करायच्या नव्या इंजेक्शनांबद्दलही विचारत होती. ती टाईप टू आणि लठ्ठपणासाठी आलेली आहेत, टाईप वनमध्ये ती इन्सुलिनच्या जागी चालत नाहीत. आणि लघवीतनं साखर बाहेर काढणाऱ्या ज्या गोळ्या आहेत त्यांनी वजन उतरतं खरं, पण टाईप वनमध्ये शुगर फार वाढलेली नसतानाही केटोन वाढायचा धोका असतो. युरोपात त्यातल्या एका गोळीला २०१९ मध्ये टाईप वनसाठी दिलेली परवानगी २०२१ मध्ये काढून घेतली गेली. कुणाच्या चिठ्ठीवरनं, कुणाच्या सांगण्यावरनं घेऊ नका. आणि काढा पिऊन इन्सुलिन सुटतं असं सांगणाऱ्याला तर दारातनंच परत पाठवा.

तिला मी परवा परत मेसेज केलाय. वजन विचारलं नाही. सिस्टरनी मला विचारलं होतं तेच विचारलंय, आणि माझ्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय, बरोबर येईन म्हटलंय. दोन निळ्या खुणा दिसतायत, म्हणजे वाचलाय. उत्तर अजून नाही. आज परत फोन करणार आहे आणि लागला नाही तर काकींकडनं घर विचारून जाणार आहे, कारण हे थांबण्यातलं नाही.

काल रात्री मलाही लो झाली, बऱ्याच दिवसांनी. पावणेतीन, ६२. किचनमध्ये गेले, पाण्यात साखर ढवळली, प्यायले आणि स्टुलावर बसले. आईला आवाजानं जाग आली, ती आली, लाडवाचा डबा कट्ट्यावरच होता, तिनं तो उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या पाठीवरचा घाम पदरानं पुसत घड्याळाकडं बघत होती. दोनदा विचारलं, "झाली का गं पंधरा?" मी म्हटलं अजून चार आहेत. तिनं माझा हात धरून ठेवला. मग मशिन तिनंच माझ्या हातात दिलं. ९८.